लग्न म्हणजे औषध नव्हे: खान्देशातल्या कॅथोलिक धर्मगुरूंना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले कॅथोलिक धर्मगुरू, धर्मभगिनी आणि विवाहपूर्व शिबिरं घेणारे प्रापंचिक कार्यकर्ते

आदरणीय फादर, सिस्टर आणि शिबिरातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

ख्रिस्ताठायी सप्रेम नमस्कार.

इस्टर झाला की आपल्याकडे लग्नांची धांदल सुरू होते. उपवासकाळात थांबलेली बोलणी पुढे सरकतात, मे महिन्यातल्या तारखा धरल्या जातात आणि भुसावळचा पारा 45 च्या वर गेला तरी मांडव पडतात. यंदाच्या हंगामाआधी हे पत्र मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्यातली काही लग्नं होऊ नयेत असं मला मनापासून वाटतं आणि ती थांबवण्याचा अधिकार तुमच्या हातात आहे. मी म्हणते आहे ती लग्नं अशी: मुलगा समलैंगिक आहे हे घरच्यांना कळलेलं असतं, आणि 'एकदा लग्न लावून दिलं की येईल ठिकाणावर' या हिशेबानं ते घाईघाईनं उरकलं जातं. कधी मुलीच्या बाबतीतही हेच होतं. ही लग्नं आपल्याच चर्चमध्ये, आपल्याच वेदीसमोर लागतात. काही वेळा तो सल्लाच मुळी धर्मगुरूंकडून आलेला असतो.

मी निवृत्त शिक्षिका आहे. कॅथोलिक घरात जन्मले, वाढले. शिबिरात नवरा-बायकोतला संवाद, घरखर्च, सासर-माहेर हे विषय घेते. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही; पण ज्या शिक्षणाच्या नावानं माणसांचे संसार ठरवले जातात, ते शिक्षण मुळातून वाचायचा हक्क प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला आहे, आणि ते मी वाचलं आहे.

काही काळापूर्वी आमच्या शिबिरातून गेलेली एक मुलगी लग्नानंतर मला भेटायला आली. ती कुठल्या धर्मग्रामातली (पॅरिशमधली), कुठल्या तालुक्यातली ते सांगत नाही. आपला समाज इतका लहान आहे की तालुका सांगितला तरी घर ओळखलं जाईल. तिनं कापडी पिशवीतून एक फाइल काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. सोनोग्राफी, थायरॉइड, हार्मोनच्या रक्ततपासण्या. सगळे कागद तारखेवार लावलेले, सगळं नॉर्मल. नवऱ्याच्या नावाचा एकही कागद त्या फाइलमध्ये नव्हता. सासूबाई तिला दवाखान्यात घेऊन जायच्या आणि गल्लीत कोणी विचारलं तर 'इलाज चालू आहे' म्हणून सांगायच्या. लग्न झाल्यापासून नवऱ्यानं तिला हात लावलेला नव्हता. डॉक्टर बाईंना हे सांगायची सोय नव्हती, कारण शेजारच्या खुर्चीत सासूबाई बसलेल्या असायच्या.

"माणूस वाईट नाही, मॅडम," ती म्हणाली. "दारू नाही, मारझोड नाही. पगार आणून हातात देतो." शेवटी त्यानंच तिला खरं काय ते सांगितलं होतं.

नंतर मी त्यालाही भेटले. लग्नाच्या कितीतरी आधी त्यानं एका धर्मगुरूंकडे मन मोकळं केलं होतं. प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे कन्फेशनमध्ये नव्हे, त्यांच्या ऑफिसात बसून, विश्वासानं. त्याच दिवशी संध्याकाळी त्याच्या वडिलांना ते कळलं. मग उपवास-प्रार्थना झाल्या, डोक्यावर तेल झालं, त्याच्यातला 'आत्मा' काढायला बाहेरून माणसं आली. कशानंच फरक पडेना, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी निकाल दिला: "पोऱ्यानं लगीन करी टाका, समदं बराबर व्हई जाई." मुलीकडच्यांना कोणी काही सांगितलं नाही. लग्नाआधीच्या चौकशीत 'स्वतःच्या मर्जीनं करतोयस ना?' हा प्रश्न त्याला विचारला गेला. तो 'हो' म्हणाला. त्या वेळी वडील त्याच खोलीत बसलेले होते.

हे प्रकरण एकटं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून चर्च याबद्दल नेमकं काय शिकवतं ते इथे मांडते. रविवारच्या प्रवचनांतून ते अर्धंच ऐकू येतं.

कॅथोलिक चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ 1992 साली आला आणि त्याची अधिकृत लॅटिन आवृत्ती 1997 साली. या विषयावरचे परिच्छेद तीन आहेत: 2357, 2358 आणि 2359. पहिल्यात म्हटलं आहे की समलैंगिक कृती निसर्गनियमाच्या विरुद्ध आहेत, त्या लैंगिक संबंधाला जीवनदानापासून तोडतात, म्हणून त्या कोणत्याही परिस्थितीत मान्य करता येत नाहीत. हा भाग प्रवचनात येतो. पण त्याच परिच्छेदात हेही लिहिलेलं आहे की या समलैंगिक कलाचा (ओढीचा) मानसिक उगम अजून फारसा उलगडलेला नाही. दुसरा परिच्छेद सांगतो की अशा स्त्री-पुरुषांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही, त्यांतल्या बहुतेकांसाठी ही एक कसोटी असते, त्यांचा स्वीकार आदरानं, करुणेनं आणि संवेदनशीलतेनं झाला पाहिजे आणि त्यांच्याबाबत अन्यायकारक भेदभावाची प्रत्येक खूण टाळली पाहिजे. तिसरा त्यांना संयमाच्या जीवनाचं पाचारण करतो आणि त्यासाठी आत्मसंयम, निःस्वार्थ मैत्रीचा आधार, प्रार्थना आणि संस्कारांतून मिळणारी कृपा हे मार्ग सांगतो.

तिन्ही परिच्छेद सावकाश वाचा. त्यात प्रार्थना आहे, मैत्री आहे, संस्कार आहेत. 'त्याचं लग्न लावून द्या' असं एका ओळीतही नाही. मुलाला हा सल्ला देणारा धर्मगुरू चर्चचं शिक्षण पाळत नसतो. तो गल्लीतल्या चार वडीलधाऱ्यांचं म्हणणं चर्चच्या तोंडी घालत असतो.

हा सल्ला आला कुठून, याचा मी शोध घेतला. संत पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, वासनेनं जळण्यापेक्षा लग्न केलेलं बरं, असं वाक्य आहे. पुढे शतकानुशतकं विवाहाचा एक हेतू 'वासनेवरचा उपाय' असा सांगितला गेला. चर्चच्या 1917 च्या कायदेसंहितेत 1013 व्या कलमात तो शब्दशः होता: अपत्यांना जन्म आणि संगोपन हा मुख्य हेतू, परस्परांना साहाय्य आणि वासनेवर उपाय हा दुय्यम. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं विवाहाकडे प्रेमाचा आणि जीवनाचा करार म्हणून पाहिलं, आणि 1983 च्या नव्या संहितेतल्या 1055 व्या कलमात विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांची संपूर्ण जीवनाची भागीदारी, जोडीदारांचं हित आणि अपत्यजन्म-संगोपन यांकडे वळलेली, असं आलं. 'उपाय' हा हेतू तिथून गेला. खान्देशातल्या आपल्या घरांत मात्र तो अजून ठाण मांडून बसला आहे. आणि ज्या काळी तो कायद्यात होता, त्या काळीही त्याचा अर्थ एकाच्या दुखण्याचं औषध दुसरीच्या पोटात घाला, असा नव्हता.

फादर, या नव्या संहितेतली पुढची कलमं तुम्ही सेमिनरीत, धर्मगुरूंच्या शिक्षणात, शिकलेली आहात. मी इतरांसाठी सांगते. 1057 व्या कलमानुसार विवाह घडतो तो दोघांच्या संमतीनं, आणि ती संमती जगातली कोणतीही सत्ता त्यांच्या वतीनं देऊ शकत नाही. बापही नाही आणि चर्चही नाही. 1103 वं कलम म्हणतं की बाहेरच्या जबरदस्तीमुळे किंवा गंभीर भीतीमुळे, त्यातून सुटायला लग्नावाचून दुसरा मार्ग उरला नाही म्हणून केलेला विवाह मुळातच वैध नाही. ती भीती घालणाऱ्याचा हेतू तसा नसला तरीही. 1098 वं कलम फसवणुकीचं: जोडीदारातली एखादी गोष्ट, जी स्वभावतःच सहजीवन गंभीरपणे बिघडवू शकते, ती संमती मिळवण्यासाठी कपटानं लपवली असेल तर विवाह अवैध. आणि 1095 व्या कलमाचा तिसरा भाग सांगतो की मानसिक स्वरूपाच्या कारणांमुळे विवाहाची मूलभूत कर्तव्यं पेलायला जो असमर्थ आहे, त्याला विवाह करताच येत नाही. समलैंगिक कल असलेल्या जोडीदाराचे खटले चर्चच्या न्यायालयांनी याच कलमाखाली तपासले आहेत. असा प्रत्येक विवाह आपोआप अवैध ठरतो असं नाही, ज्याची-त्याची परिस्थिती पाहिली जाते. पण 1066 वं कलम तर सरळ आहे: विवाह वैध आणि योग्य होण्याच्या आड काही येत नाही याची खात्री झाल्याशिवाय तो लावू नये. जिथे मुलानं स्वतः तोंडानं सांगितलेलं आहे, तिथे ही खात्री कशाच्या बळावर झाली?

म्हणजे 'पापातून वाचवायला' म्हणून लावलेलं लग्न बहुधा विवाह नसतंच. त्या वेदीसमोर एक मुलगा खोटी शपथ घेतो, एक मुलगी फसवली जाते, आणि ज्या साक्रामेंताच्या, म्हणजे विवाहसंस्काराच्या, पावित्र्यासाठी आपण इतकं बोलतो, त्याचाच अवमान होतो. नीतिशास्त्राच्या ज्या कठोर बाजूवर तुम्ही उभे आहात, तिथूनच पाहिलं तरी हे दिसतं.

आता त्या मुलीकडे या. तिचं पुढे काय? तिला कोणी सांगितलं नव्हतं की हा विवाह मुळातच अवैध होता असं ठरवून घ्यायला धर्मप्रांताच्या न्यायालयात ती अर्ज करू शकते. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ही प्रक्रिया सोपी केली. पूर्वी दोन न्यायालयांचे जुळणारे निकाल लागायचे, आता एक पुरतो; पुरावा उघड असेल आणि दोघांची तयारी असेल तर बिशपसमोर लहान प्रक्रियाही चालते. तिला वाटत होतं की चर्चमध्ये लागलेलं लग्न म्हणजे जन्माची गाठ, तोंड मिटून बसायचं. आणि चर्चचा निकाल लागला तरी सरकारी कायद्यात तिचं लग्न उभंच राहतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. त्यासाठी 1869 च्या घटस्फोट कायद्याखाली दिवाणी कोर्टात वेगळे खेटे घालायचे. दोन कोर्टं, वकिलाची फी, माहेरच्यांची हाय, आणि वर 'हिच्यातच काहीतरी कमी असेल' ही कुजबुज. सातपुड्याकडच्या भिल्ल-पावरा घरांत मुलाकडचे देज, म्हणजे वधूमूल्य, देतात. तिथे सून माघारी गेली की पंच बसतात आणि देज परत करण्याची गोष्ट निघते. तिथे तर ज्याची फसवणूक झाली त्याच घरावर पैशाचं ओझं येऊ शकतं. कुणाच्या तरी मुलाला 'बरं' करण्यासाठी ही किंमत कोण मोजतं, एवढंच पाहा.

समलैंगिकतेबद्दल कॅथोलिक नीतिशास्त्रात जो मोठा वाद चालू आहे, त्याबद्दलही बोलते. नाहीतर मी पळवाट काढली असं होईल. चर्चची भूमिका लहरीवर उभी नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडलेला निसर्गनियमाचा विचार तिच्या पायाशी आहे: प्रत्येक क्षमतेला एक रोख असतो आणि लैंगिकतेचा रोख जीवनदानाकडे. पोप सहावे पॉल यांनी 1968 मध्ये 'ह्युमाने व्हिते' या परिपत्रकात सांगितलं की लैंगिक संबंधाचे मीलन आणि जनन हे दोन अर्थ माणसानं एकमेकांपासून तोडू नयेत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्री-पुरुषांच्या देहातला परस्परपूरकपणा यावर वर्षानुवर्षं बुधवारची शिकवण दिली. ही मांडणी मी आदरानं वाचली आहे. दोघांनी एकमेकांना संपूर्ण द्यायचं आणि त्यातून येणाऱ्या जिवाला नाकारायचं नाही, यात एक उंची आहे.

तरी माझं मन एका जागी अडतं. चर्चच्या कायद्यातलं 1084 वं कलम म्हणतं की वंध्यत्व विवाहाला आडही येत नाही आणि तो अवैधही करत नाही. ज्या बाईला मूल होत नाही तिला आपल्याकडे हळदीकुंकवाला टाळतात, बारशाला पुढे येऊ देत नाहीत. आणि चर्च मात्र सांगतं की तिचा विवाह पूर्ण आहे. साठीतल्या विधवा-विधुराचं लग्न चर्च आनंदानं लावतं. म्हणजे मूल न होताही दोन माणसांचं एकमेकांना धरून राहणं पवित्र असू शकतं, हे आपण मान्य केलेलं आहे. चर्चची भूमिका मांडणारे धर्मशास्त्रज्ञ यावर उत्तर देतात की त्या जोडप्याचा संबंध मूल होण्याच्या प्रकारातलाच राहतो, फळ आलं नाही इतकंच. हे उत्तर मला समजतं, पण ते मला पुरत नाही. अशीच शंका काढणारे धर्मशास्त्रज्ञ चर्चच्या आतही आहेत. अमेरिकेतले फादर चार्ल्स करन यांना 1986 मध्ये कॅथोलिक धर्मशास्त्रज्ञ म्हणून शिकवायची मुभा रोमनं काढून घेतली. येल विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवलेल्या सिस्टर मार्गारेट फार्ली यांनी लैंगिक संबंध न्यायाच्या कसोटीवर तपासा, म्हणजे त्यात स्वतंत्र संमती, समानता, बांधिलकी आहे का ते पाहा, असं मांडलं. 2012 मध्ये त्यांच्या लिखाणाविरुद्ध रोमची सूचना निघाली. त्यांची मतं चर्चनं स्वीकारलेली नाहीत, हे मी लपवत नाही.

पण स्वीकारलेलं नाही म्हणजे विचारही करायचा नाही, असं होत नाही. धर्मशिक्षण ग्रंथातला मृत्युदंडाबद्दलचा 2267 वा परिच्छेद 2018 मध्ये बदलला गेला; शतकानुशतकं मान्य असलेली गोष्ट आज चर्च अस्वीकार्य मानतं. आणि समलैंगिकतेविरुद्ध बोलताना बायबलमधल्या, देवानं नष्ट केलेल्या सदोम नगराचं उदाहरण देताना तरी सांभाळून बोला, ही कळकळीची विनंती. यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात सदोमचा अपराध स्पष्ट लिहिलेला आहे: गर्व, अन्नाची रेलचेल, आणि गरीब-गांजल्यांना हात न देणं. रोमच्या बायबल आयोगानंही 2019 मध्ये म्हटलं की त्या कथेतलं पाप हे परक्या पाहुण्यांशी वैरानं आणि हिंसेनं वागण्याचं आहे. समलैंगिक कृतींविरुद्धची लेवीय आणि रोमकरांस पत्रातली वचनं उरतातच, त्यांच्यावर बोला. पण सदोम सांगून कोवळ्या मुलाला घाबरवू नका.

डिसेंबर 2023 मध्ये रोमहून आशीर्वादांबद्दलचा 'फिदुचिया सुप्लिकान्स' हा दस्तऐवज आला, तेव्हा 'आता पोप समलैंगिकांची लग्नं लावणार' अशी हाकाटी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर झाली. त्या दस्तऐवजात विवाहाचं शिक्षण तसंच ठेवलेलं आहे. उपासनाविधीबाहेर, लग्नाचा भास न होऊ देता, आशीर्वाद मागणाऱ्या माणसांना तो देता येईल एवढंच म्हटलं आहे. आफ्रिकेतल्या बिशपांनी तेही आपल्याकडे करणार नाही असं कळवलं. हा वाद मोठा आहे, पुढेही चालेल. पण आपल्या धर्मग्रामात असा आशीर्वाद मागायला कोणी आलेलं माझ्या ऐकिवात नाही. आपल्याकडे येतो तो घाबरलेला एकटा मुलगा. त्याच्यासाठी जे शिक्षण आधीच लिहून ठेवलेलं आहे, ते त्याच्यापर्यंत पोचलं तरी पुष्कळ होईल.

1986 मध्ये कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांनी बिशपांना जे पत्र लिहिलं, ते या विषयावरचं सर्वांत कडक पत्र मानलं जातं. त्यात त्यांनी समलैंगिक कलालाच एक प्रकारची विकृत दिशा म्हटलं आहे. आणि त्याच पत्रात हेही आहे की असा कल असणं हे स्वतः पाप नव्हे, आणि समलैंगिक माणसांवर शब्दांनी किंवा कृतीनं केलेला हिंसक द्वेष जिथे होईल तिथे चर्चच्या पाळकांनी त्याचा निषेध केला पाहिजे. 'शब्दांनी' असं स्पष्ट लिहिलं आहे. युवक शिबिरात कोणी 'बायल्या', 'छक्का' म्हणून हशा पिकवतो, आणि व्यासपीठावरचे फादरही हसतात, तेव्हा या कडक पत्राचीच आज्ञा मोडली जाते. आपला नाशिक धर्मप्रांत ज्या मुंबई प्रांतात येतो, तिथले तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी 2013 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम कायम ठेवलं तेव्हा, जाहीर सांगितलं होतं की समलैंगिक विवाहाला चर्चचा विरोध आहे, पण चर्चनं समलैंगिक व्यक्तींना कधी गुन्हेगार मानलेलं नाही. 6 सप्टेंबर 2018 ला न्यायालयानंही सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम काढून टाकलं. 1860 साली इंग्रजांनी घातलेला हा गुन्हा या देशात उरला नाही. आपल्या अंगणात तो का उरावा?

'बरं करण्याच्या' प्रार्थनासभांबद्दल एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. मद्रास उच्च न्यायालयानं 2021 मध्ये असा कल बदलण्याच्या उपचारांवर बंदी घालायला सांगितलं आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ते करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. जे डॉक्टरला करायला मनाई आहे, ते प्रार्थनेच्या नावाखाली कोंडलेल्या खोलीत, चार जणांनी हातपाय धरून करायचं? प्रार्थना करा, त्याच्यासोबत बसून करा, त्यानं मागितली तर करा. त्याला उपाशी ठेवून, त्याच्यावर ओरडून नव्हे.

मला तुमच्याकडून काय हवं आहे, ते सांगते. लग्नाआधीची चौकशी मुलाची आणि मुलीची वेगवेगळी घ्या, दार लावून, आईवडील बाहेर बसवून, आणि घाई न करता. 'मर्जी आहे ना' एवढ्यावर थांबू नका. 'या माणसासोबत नवरा किंवा बायको म्हणून राहायची तुझी इच्छा आहे का, काही सांगायचं राहिलंय का' असं विचारा. मुलानं सांगितलं, तर ते त्याच्या घरी पोचवायचा अधिकार तुम्हाला नाही. प्रायश्चित्त संस्कारातली गुप्तता तर अभंगच आहे. पण ऑफिसात विश्वासानं सांगितलेली गोष्टही तितक्याच जपणुकीची आहे, आणि ती फुटली की तो मुलगा आयुष्यात पुन्हा कुठल्याही धर्मगुरूकडे जाणार नाही. लग्न पुढे ढकला. पत्रिका छापल्या असतील, हॉल ठरला असेल, तरी ढकला. बापाला तोंड तुम्ही द्या, कारण त्या मुलाला ते देता येत नाही. तुमचा शब्द आपल्याकडे अजून चालतो. सरपंचाचा चालत नाही तिथेही चालतो. 'मुलगा लग्न करत नाही म्हणून त्याच्यामागे लागू नका, अविवाहित राहणं हेही ख्रिस्ती जीवन आहे' असं तुम्ही वेदीवरून एकदा म्हणालात, तर किती घरांतला दबाव कमी होईल याची कल्पना करा. तुम्ही स्वतः अविवाहित आहात आणि तुमचं जीवन अपुरं आहे असं कोणी म्हणत नाही.

त्याला गायनवृंदातून काढू नका. सिनडच्या, म्हणजे चर्चमधल्या सल्लामसलतीच्या, निमित्तानं प्रत्येकाचं ऐकायचं असं आपण दोन-तीन वर्षं बोलत होतो. त्याचं आणि त्याच्या आईचं ऐका. या आया फार एकट्या पडतात. 'माझ्या कोणत्या पापाची ही शिक्षा' असं विचारत त्या येतात, आणि त्यांना 'शिक्षा नाही' एवढं ठामपणे सांगणारं कोणीतरी लागतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं सदसद्विवेकाला माणसाचं सर्वांत खोलवरचं मंदिर म्हटलं, जिथे तो देवासोबत एकटा असतो. तिथे जाणाऱ्याच्या वाटेत आडवं पडायचा कोणालाच हक्क नाही, घरच्यांनाही नाही.

आणि ज्या मुली आधीच अशा लग्नात अडकल्या आहेत, त्यांना धर्मप्रांताच्या न्यायालयाचा पत्ता द्या, अर्ज लिहायला मदत करा, सोबत कोणी सिस्टर पाठवा. फाइल घेऊन आलेल्या त्या मुलीचा अर्ज आम्ही लिहिला आहे. तिच्या नवऱ्यानं जबाब द्यायची तयारी दाखवली आहे. त्या घरात खरं बोलायचं धाडस पहिल्यांदा त्यानंच केलं, हेही लक्षात असू द्या.

आमच्या पुढच्या शिबिरात या विषयाला अर्धा तास मिळावा अशी मी मागणी केली होती. 'मुलांच्या मनात नको ते भरेल' असं उत्तर मिळालं. मी पुन्हा मागते आहे. तिन्ही परिच्छेद मराठीतून मोठ्यानं वाचायचे, संमतीची चार कलमं समजावून सांगायची, आणि ज्याला एकट्यानं बोलायचं असेल त्यानं कोणाकडे जायचं ते सांगायचं, एवढाच तो अर्धा तास. तुमच्यापैकी एखाद्या धर्मगुरूनं तो घेतला तर उत्तम. कोणाची तयारी नसेल तर मी घेते. होकार किंवा नकार, जे असेल ते शिबिराच्या तारखा जाहीर व्हायच्या आधी कळवा, आणि नकार असेल तर धर्मशिक्षण ग्रंथाच्या कोणत्या परिच्छेदाच्या आधारानं तो दिला, तेही कळवा.

आपली,
विवाहपूर्व शिबिरात शिकवणारी एक निवृत्त शिक्षिका
भुसावळ